पहिलं सागवानी टेबल स्वतः बनवताना: वखारीपासून पॉलिशपर्यंत

सुतारकाम न शिकलेला माणूस पहिलं टेबल करायला घेतो तेव्हा त्याचं सगळं लक्ष सांध्यांकडे आणि पॉलिशच्या चकाकीकडे असतं. घरी केलेली टेबलं बिघडतात ती मात्र बहुतेक वेळा वेगळ्याच कारणानं. लाकूड कापून झाल्यावरही हलत राहतं, हे धरून ती बनवलेलीच नसतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत हवा कोरडी ठणठणीत असते आणि जुलैत भिंतींना ओल येते. लाकूड त्या हवेप्रमाणे ओलावा घेतं आणि सोडतं. लांबीत त्याचा फरक जवळजवळ पडत नाही, रुंदीत मात्र पडतो. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर, अगदी वखारीत फळी निवडतानासुद्धा, ही एक गोष्ट डोक्यात ठेवलीत तर पहिलंच टेबल वर्षानुवर्षं टिकेल.

उदाहरणासाठी चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि ३० इंच उंच असं अभ्यासाचं टेबल घेतलं आहे. चार पाय, त्यांना जोडणाऱ्या चार आडव्या पट्ट्या आणि वर पाच फळ्या जोडून केलेला टॉप. फ्लॅटच्या गॅलरीत, हातहत्यारांनी होण्यासारखं हे काम आहे.

मापं मी इंच आणि सुतात देतो आहे, कारण वखारीत आणि मिस्त्रींकडे हीच भाषा चालते. आठ सूत म्हणजे एक इंच, एक सूत म्हणजे साधारण तीन मिलिमीटर.

१. आधी मोसम ठरवा

दिवाळीनंतर सुरू करा आणि होळी-पाडव्याच्या सुमाराला पॉलिश संपवा. या काळात हवा कोरडी असते, फेविकॉल नीट वाळतं, पॉलिशवर पांढरट झाक येत नाही. भर पावसाळ्यात लाकूड आणून लगेच काम सुरू करू नका. तेव्हा फुगलेल्या मापाचं टेबल पुढच्या मार्चपर्यंत आकसतं आणि फळ्यांच्या सांध्यांत फटी दिसू लागतात.

२. हत्यारं आणि कागद

हत्यारांचा मोठा संच घ्यायची गरज नाही. एवढं पुरतं:

- मध्यम दात्यांची करवत आणि सांध्यांसाठी एक बारीक दात्यांची करवत
- लाकूड तासायला लोखंडी रंधा, शक्यतो लांब तळाचा
- तीन सूत आणि सहा सूत रुंदीच्या पटाश्या (सपाट पात्याच्या छिन्न्या), त्या ठोकायला लाकडी मोगरी
- काटकोन तपासायला गुण्या, कडेला समांतर खूण करायला मार्किंग गेज, स्टीलची पट्टी, रेघ ओढायला धारदार चाकू
- किमान चार लांब शिकंजे, म्हणजे क्लॅम्प (टॉपची रुंदी दोन फूट, म्हणून शिकंजा अडीच फुटांचा तरी हवा)
- धार लावायला निसणा, एक बाजू भरड आणि एक बारीक
- ड्रिल मशीन, स्क्रू, ८० ते २२० नंबरपर्यंतचे पॉलिश पेपर
- एन-९५ मास्क. सागवानाची धूळ काही जणांच्या त्वचेला आणि श्वासाला त्रास देते, म्हणून हा ऐच्छिक समजू नका.

पैसे कमी असतील तर करवत साधी घ्या, पण पटाश्या आणि निसणा चांगला घ्या. सागवानात सिलिका असते, ती पात्याची धार भराभर खाते. नव्या पटाशीला दुकानातून येताना कामाची धार नसते, ती घरी लावूनच वापरायची. साधारण ३० अंशांचा कोन धरा आणि पात्याची सपाट पाठ आरशासारखी होईपर्यंत घासा. कागदाची कड एका ओढीत कापली गेली की पातं तयार झालं.

कागदपत्रांचा विषय बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. वखारीतून लाकूड घेतलंत तर पक्कं बिल मागा आणि लाकूड घरी येईपर्यंत जवळ ठेवा. गावाकडचं स्वतःच्या बांधावरचं झाड तोडून लाकूड आणायचं असेल तर गोष्ट वेगळी आहे. महाराष्ट्रात वृक्षतोडीचं नियमन करणारा १९६४ चा कायदा आहे आणि साग, आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ यांसारखी झाडं खासगी जमिनीवर असली तरी तोडीला परवानगी लागते. लाकूड गाडीत घालून हलवायला वन विभागाचा वाहतूक परवानाही लागू शकतो. आधी गावच्या वनरक्षकाला किंवा वनक्षेत्रपाल कार्यालयात जाऊन विचारा आणि मगच कुऱ्हाड लावा. ‘आपल्याच शेतातलं आहे’ हे उत्तर नाक्यावर चालत नाही.

३. लाकूड खरेदी: इथे वेळ घालवा

पुण्यात भवानी पेठेतलं टिंबर मार्केट, नागपुरात लकडगंज, मुंबईत रे रोडचा भाग ही लाकडाची जुनी ठिकाणं. तालुक्याच्या गावी एखादी वखार किंवा सॉ मिल असतेच. शनिवार-रविवारी गर्दीत जाऊ नका. सकाळी लवकर जा, मालक निवांत असतो आणि फळ्या उलटून पाहू देतो.

सागवानात ‘सीपी टीक’ हा शब्द कानावर येईल. जुन्या मध्य प्रांतातल्या, म्हणजे चंद्रपूर, बल्लारशा, नागपूरकडच्या सागाला व्यापारात हे नाव आहे. २०२३ मध्ये अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांसाठी चंद्रपूर जिल्ह्यातूनच सागवान गेलं. शिवाय आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतून आलेला सागही मिळतो. तो बहुधा लागवडीतल्या कमी वयाच्या झाडांचा असतो आणि स्वस्त पडतो. अभ्यासाच्या टेबलाला तोही वाईट नाही, पण पांढरा भाग जास्त निघतो हे धरून चाला.

फळी हातात घेतल्यावर हे पाहा:

*पांढरा भाग.* सागाचा सोनेरी-तपकिरी गाभा टिकतो, कडेचा फिका पट्टा टिकत नाही. त्यातच लाकूड पोखरणारे किडे शिरतात. खाली बारीक पीठ पडलेलं आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली तर ती फळी ठेवून द्या. दाखवताना फळीवर तेलाचा हात फिरवून फिका भाग झाकण्याची पद्धत काही ठिकाणी असते. तेव्हा एका टोकाला रंधा मारून दाखवायला सांगा. ताज्या कापाचा रंग आणि सागाचा तो तेलकट, चामड्यासारखा वास लपवता येत नाही.

*वाक आणि पीळ.* फळी डोळ्यासमोर लांबीत धरून कडेवरून बघा. साधा वाक रंध्यानं निघतो. पीळ, म्हणजे चार कोपरे एका पातळीत नसणं, काढायला फार लाकूड वाया जातं.

*रेषा.* टॉपसाठी सरळ, समांतर रेषांच्या फळ्या घ्या. मोठ्या कमानींसारखी नक्षी दिसायला सुंदर असते, पण अशा फळीची रुंदी ऋतूप्रमाणे जास्त कमी-अधिक होते. पायांना तर सरळ रेषांचंच लाकूड हवं.

*ओलावा.* सगळ्यात महत्त्वाचं हेच. पिनांचं मॉइश्चर मीटर फार महाग नसतं, ते घ्याच. देशावर घरातल्या फर्निचरला ८ ते १२ टक्के ओलावा योग्य, कोकणात थोडा जास्त चालतो. मीटर टोकाला टोचू नका, टोकं लवकर वाळतात आणि खोटा आकडा देतात. मधोमध टोचा. मीटर नसेल तर वजनावरून अंदाज घ्या. वाळलेलं सागवान घनफुटाला साधारण १८ किलो भरतं, ओलं असेल तर ते बरंच जड लागतं.

आता किती घ्यायचं. वखारीत भाव घनफुटाचा असतो आणि हिशोब सोपा आहे: जाडी इंचात × रुंदी इंचात × लांबी फुटांत, भागिले १४४. आपल्या टेबलासाठी:

- टॉप: सव्वा इंच जाड, पाच इंच रुंद, सव्वाचार फुटी पाच फळ्या, ०.९२ घनफूट
- पाय: अडीच इंची चौरस, अडीच फुटी चार नग, ०.४३ घनफूट
- पट्ट्या: सव्वा इंच जाड, चार इंच रुंद, दोन पावणेचार फुटी आणि दोन पावणेदोन फुटी, ०.३८ घनफूट

बेरीज पावणेदोनच्या आसपास. गाठी, चिरा, तासणी धरून वर पंचवीस टक्के घ्या, म्हणजे सव्वादोन घनफूट. कापलेल्या मापावर बिल होतं की कापायच्या आधीच्या, हे पैसे देण्याआधी विचारा. भावापेक्षा इथेच जास्त फरक पडतो.

जुन्या वाड्यांचं सागवान मिळालं तर मी तेच घेईन. कित्येक दशकं वाळलेलं ते लाकूड फार कमी हलतं आणि रंगाला खोली असते. फक्त प्रत्येक इंचावर लोहचुंबक फिरवा. आत मोडून राहिलेला एक खिळा रंध्याच्या पात्याला कायमची खाच पाडतो, आणि सॉ मिलवाले खिळ्याच्या संशयावरूनही असं लाकूड मशीनवर घेत नाहीत.

४. लाकूड घरात मुरू द्या

आणलेल्या फळ्या जिथे टेबल राहणार त्याच घरात ठेवा. जमिनीवर दोन-तीन आडव्या पट्ट्या, त्यावर फळी, पुन्हा पट्ट्या, अशी चळत करा, म्हणजे सगळ्या बाजूंनी हवा खेळते. भिंतीला उभ्या टेकवून ठेवलेल्या फळ्या वाकतात. दोन-तीन आठवडे थांबा. एका फळीचं वजन दर आठवड्याला करून तिच्यावरच पेन्सिलीनं लिहा. वजन घटायचं थांबलं की लाकूड तुमच्या घराच्या हवेला आलं.

५. रंधा

सव्वा इंची फळ्या एक इंचावर आणायच्या आहेत. हातानं सगळं तासायची हौस नसेल तर सॉ मिलमध्ये मशीनवर रंधा मारून मिळतो, आणि पहिल्या टेबलाला मी तोच सल्ला देईन. पण घरी मुरल्यानंतर न्या, आधी नको. नाहीतर सपाट केलेली फळी घरी येऊन पुन्हा वाकते. मिलमध्ये एक सूत जास्त ठेवायला सांगा, शेवटचा हात तुमचा असू द्या.

हातरंध्याला एकच नियम पुरेसा आहे: रेषा ज्या दिशेनं वर चढतात त्या दिशेनं रंधा न्या. लाकूड फाटायला लागलं, खडबडीत टवके निघाले, तर फळी फिरवून उलट बाजूनं सुरुवात करा. कीस कागदासारखा अखंड, वळत निघाला पाहिजे.

६. टॉप जोडणं

पाचही फळ्या शेजारी मांडून रेषा आणि रंग जुळतील असा क्रम लावा. वेळ घ्या, टेबलाचं रूप इथेच ठरतं. शक्य तिथे सगळ्या फळ्यांचा रंधा एकाच दिशेनं चालेल असं पाहा. मग सगळ्यांवरून एक मोठा त्रिकोण काढा, म्हणजे क्रम विसरणार नाही.

शेजारच्या दोन फळ्या पुस्तक मिटल्यासारख्या एकत्र धरून शिकंज्यात आवळा आणि दोघींच्या कडांवर एकदमच रंधा मारा. कोन थोडा चुकला तरी उघडल्यावर दोन्ही चुका एकमेकींना खातात आणि टॉप सपाट येतो. जोडून उजेडासमोर धरा. मध्यावर कागद जेमतेम सरकेल एवढी फट चालते, शिकंजा ती मिटवतो. टोकांना फट मुळीच नको.

सागवान तेलकट असतं, त्यामुळे फेविकॉल जुन्या पृष्ठभागावर नीट धरत नाही. कडा तासल्या त्याच दिवशी जोडा आणि त्याआधी थिनरच्या फडक्यानं पुसून वाळू द्या. फेविकॉल एसएच अभ्यासाच्या टेबलाला पुरतं. जिथे पाणी सांडणार, तिथे फेविकॉल मरीन घ्या. पाची फळ्या एका बैठकीत जोडायची घाई नको. आधी दोन-दोनच्या जोड्या, मग त्या जोड्या आणि पाचवी फळी. शिकंजे एक वर, एक खाली असे आलटूनपालटून लावा. सगळे एकाच बाजूला लावले तर टॉपला बाक येतो. फेविकॉलचे बारीक थेंब सांध्यातून ओळीनं बाहेर यावेत एवढंच आवळा. ओल्या फडक्यानं ते फासू नका, लाकडाच्या छिद्रांत जाऊन बसतं आणि पुढे पॉलिश केल्यावर तिथे फिके डाग उमटतात. अर्धा-पाऊण तासानं साईसारखं घट्ट झालं की पटाशीनं उचला. शिकंजे रात्रभर राहू द्या.

७. पाय, पट्ट्या आणि सांधे

पाय तासून सव्वादोन इंच चौरस करा. पट्ट्या एक इंच जाड, साडेतीन इंच रुंद. पट्टीच्या टोकाला कूस, म्हणजे तासून काढलेली जीभ, आणि पायात तिच्या मापाची खाच, असा सांधा करायचा. कुशीची जाडी पट्टीच्या एक तृतीयांश, म्हणजे तीन सूत. तुमची पटाशीही तीन सुताची, हा योगायोग नाही. खाचेची रुंदी पटाशीच ठरवते.

खाच सव्वा इंच खोल घ्या. पायाच्या अंतिम मापाच्या माथ्यापासून निदान चार सूत लाकूड सोडून खाच सुरू करा. पाय तीस इंच आणले आहेत आणि लागणार एकोणतीस. तो वरचा जादा इंच खाच कोरून होईपर्यंत कापू नका, मोगरीच्या ठोक्यांनी माथा चिरत नाही. आधी ड्रिलनं भोकांची रांग पाडा, मग पटाशीनं भिंती सरळ करा.

नेहमी खाच आधी आणि कूस नंतर. खाचेचं माप बदलता येत नाही, कूस मात्र केसभर तासता येते. हातानं अर्धी आत जाईल आणि उरलेली मोगरीच्या हलक्या ठोक्यांनी बसेल, एवढी घट्ट हवी. जोरात ठोकून बसवलेली कूस पाय फोडते. एका पायात दोन बाजूंनी दोन कुशी येतात, त्या आत एकमेकींना अडतील म्हणून टोकं ४५ अंशांत कापा.

सगळी चौकट एकदा फेविकॉलशिवाय जोडून पाहा. मग आधी आखूड बाजूच्या दोन चौकटी चिकटवा, वाळल्यावर लांब पट्ट्या. प्रत्येक वेळी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले तर चौकट काटकोनात आहे. फरक असेल तर लांब कर्णाच्या दिशेनं शिकंजा थोडा तिरका लावून ओढा, फेविकॉल ओलं असतानाच.

८. टॉप चौकटीवर बसवणं

दोन फूट रुंद सागवानी टॉपच्या लाकडातला ओलावा उन्हाळा ते पावसाळा चार टक्क्यांनी वाढला, तर त्याची रुंदी एक ते दीड सुतानं वाढू शकते. खालच्या आखूड पट्ट्यांची लांबी मात्र बदलत नाही. टॉप फेविकॉलनं चिकटवला किंवा चारी बाजूंनी स्क्रूनं जखडला, तर वाढणाऱ्या लाकडाला जायला जागा उरत नाही. मग टॉप मधोमध उचलला जातो किंवा उन्हाळ्यात धाडकन चिरतो. ओळखीचे मिस्त्रीही कधी कधी ‘जास्त मजबूत होईल’ म्हणून टॉपला फेविकॉल लावायचा आग्रह धरतात. नम्रपणे नाही म्हणा.

सोपा उपाय लाकडी बटणांचा. पट्ट्यांच्या आतल्या अंगाला, वरच्या कडेपासून चार सूत खाली छोट्या खाचा पाडा. दीड-दोन इंची लाकडी ठोकळ्याला जीभ काढून ती खाचेत सरकवा आणि ठोकळा टॉपला स्क्रूनं खालून कसा. ठोकळा टॉपबरोबर सरकतो, पट्टीला फक्त धरून ठेवतो. लांब पट्ट्यांच्या बाजूला जीभ खाचेच्या तळाशी भिडवू नका, दोन सुतांची मोकळीक ठेवा. आखूड पट्ट्यांच्या मधोमध मात्र एकेक बटण घट्ट बसवा, म्हणजे टॉप मध्यावर स्थिर राहतो आणि दोन्ही कडांकडे सारखा वाढतो. बटणं करायची नसतील तर हार्डवेअरच्या दुकानात लांबट भोकाच्या एल पट्ट्या मिळतात. भोकाची लांबी टॉपच्या रुंदीच्या दिशेनं येईल अशा लावा. स्क्रूची लांबी दोनदा तपासा, एक इंची टॉपमध्ये सहा सुतांपेक्षा आत जायला नको.

याच कारणानं टॉपच्या चारी बाजूंनी चिकटवलेली पट्ट्यांची शोभेची चौकट करू नका. रेषांना आडवी चिकटवलेली पट्टी टॉपला जखडते.

९. घासणं आणि पॉलिश

टॉप काढून ठेवा आणि दोन्ही भाग वेगवेगळे घासा. ८०, १२०, १८०, २२० या क्रमानं, नेहमी रेषांच्या दिशेनं. एकही नंबर वगळू नका, ८० चे ओरखडे २२० नं जात नाहीत, पॉलिशखाली आणखी ठळक होतात. १८० नंतर टर्पेंटाइनचं फडकं फिरवा, राहिलेले फेविकॉलचे डाग लगेच दिसतात.

पॉलिश कोणतं? *चपडी*, म्हणजे लाखेचं स्पिरिट पॉलिश, सागवानावर अप्रतिम दिसतं. लिटरभर स्पिरिटला २०० ते २५० ग्रॅम चपडी रात्रभर भिजवा, गाळा आणि सुती बोळ्यानं पातळ हात द्या. पण गरम कपानं त्यावर पांढरं वर्तुळ उमटतं. *पीयू*, म्हणजे पॉलियुरेथेन, टणक असतं. जेवणाच्या टेबलाला, जिथे हळद आणि गरम भांडी येणार, तेच घ्या. त्याची वाफ कडक असते, म्हणून उघड्या गॅलरीत आणि योग्य मास्क लावूनच मारा.

अभ्यासाच्या टेबलाला माझी पसंती *जवसाच्या तेलाला* आहे. दुकानात डबल बॉइल्ड लिनसीड ऑइल मागा, घरचं खायचं तेल चालत नाही. पहिला हात अर्धं तेल, अर्धं टर्पेंटाइन. वीस मिनिटांनी वर राहिलेलं सगळं तेल कोरड्या फडक्यानं पुसा, थर राहिला तर तो महिनाभर चिकट राहतो. दिवसाआड असे तीन-चार हात आणि शेवटी मेणाचा पातळ हात. पुढे ओरखडा पडला तर तेवढाच भाग घासून पुन्हा तेल देता येतं, ही सोय पीयूत नाही.

तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. वाळताना जवसाचं तेल तापतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. ती बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

टॉपच्या खालच्या बाजूलाही वरच्याइतकेच हात द्या. एकच बाजू बंद केली तर ओलावा दुसरीकडून आत जातो आणि टॉपला वाटीसारखा बाक येतो. पायांचे तळ विसरू नका. फरशी पुसताना पाणी तिथूनच वर चढतं, म्हणून तळांना तेल पिईल तितकं पाजा आणि कडा थोड्या मारून घ्या, सरकवताना त्यांचे टवके उडणार नाहीत.

१०. पहिला पावसाळा

तेल पूर्ण मुरायला दोन-तीन आठवडे द्या, तोवर वर पुस्तकांची चळत किंवा ओला ग्लास नको. जुलैच्या शेवटी टेबलाखाली वाकून बटणं बघा. फुगणाऱ्या टॉपबरोबर लांब पट्ट्यांकडची बटणं खाचेत थोडी आत सरकलेली दिसतील, तेवढं बरोबर आहे. जीभ खाचेच्या तळाला टेकलेली आढळली तर स्क्रू सोडून टोक अर्धा सूत तासा आणि परत बसवा. तीच बटणं मे महिन्यात एकदा पाहायची. तेव्हा जीभ खाचेतून निसटायच्या बेतात असेल तर स्क्रू सोडून बटण एक सूत पुढे सरकवा आणि पुन्हा कसा.